मसुद्यावर न बोलण्याचा नियम

परिपत्रक आलं ते कापूस वेचणीच्या दिवसांत. या दिवसांत आमच्या तालुक्याच्या कोर्टात साक्षीदार सहसा येत नाहीत, आणि आलेच तर एक पाय दाराबाहेर ठेवून साक्ष देतात. मी इथली सरकारी वकील. पोलिसांनी दाखल केलेले खटले सरकारतर्फे चालवायचे, फिर्यादीला पिंजऱ्यात उभं करायचं आणि जे झालं ते त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं, हे माझं काम. पुष्कळदा ते वदत नाही. पोलीस ठाण्यात घडाघडा बोललेला माणूस कोर्टात "मला काही माहीत नाही" म्हणतो. मग मी उभी राहून त्याला फितूर घोषित करण्याची विनंती करते, न्यायाधीश मान हलवतात, मी माझ्याच साक्षीदाराला उलटसुलट प्रश्न विचारते, तो नाही नाही म्हणत राहतो आणि आरोपी संध्याकाळच्या एस.टी.ने घरी जातो. आता मला याची इतकी सवय झाली आहे की रागसुद्धा ऑफिसच्या वेळेतच येतो.

परिपत्रकासोबत एका कायद्याचा मसुदा होता, आणि तो नेमका याच दुखण्यावर होता. खोटी साक्ष देणाऱ्याला शिक्षेची तरतूद आजही आहे, पण तिच्यासाठी वेगळी चौकशी, वेगळा खटला लागतो, म्हणून त्या भानगडीत कोणी पडत नाही. नव्या मसुद्यात म्हटलं होतं की जो फिर्यादी कोर्टात स्वतःच्याच फिर्यादीवरून पलटेल, त्याला त्याच कोर्टाने, त्याच खटल्यात, लगेच कैद द्यावी. द्यावी म्हणजे द्यावीच, न्यायाधीशाच्या मर्जीचा प्रश्न नाही. यावर जिल्ह्यातल्या सर्व सरकारी वकिलांचे अभिप्राय मागवले होते.

मागवले होते, पण कुंपण घालून. अभिप्राय ठरवून दिलेल्या नमुन्यातच द्यायचा, कलमवार द्यायचा, वरिष्ठांमार्फतच पाठवायचा. सरकारच्या धोरणावर टीका करायची नाही, फक्त अंमलबजावणीतल्या अडचणी सांगायच्या. चालू खटल्याचा उल्लेख कुठेही करायचा नाही. आणि मसुद्याबद्दल वर्तमानपत्रात, सभेत, वकील संघात किंवा कोणाही खाजगी व्यक्तीपाशी काही म्हणजे काही बोलायचं नाही. हा शेवटचा नियम ठळक अक्षरात होता. म्हणजे कोर्टासमोरच्या टपरीवर चहा विकणारा माणूस या कायद्यावर दिवसभर व्याख्यान देऊ शकत होता, आणि रोज फितूर साक्षीदार हाताळणारी मी मात्र त्याच टपरीवर मुकाट्याने कप रिकामा करून परत येणार होते.

मला नियमांचं वावडं नाही. मी राजूरच्या कोळसा खाणीतल्या कामगाराची मुलगी. आमच्या घरी वडिलांच्या पाळीच्या भोंग्यावर स्वयंपाक व्हायचा. सरकारी वकिलाने कायद्यावर चव्हाट्यावर बोलू नये, हे मला पटतंही. उद्या तोच कायदा मला कोर्टात राबवायचा असतो. आज मी त्याला शिव्या घातल्या, तर उद्या माझ्या तोंडून त्याची बाजू कोण ऐकेल? पण पटणं वेगळं आणि गप्प बसणं वेगळं. माझी जीभ जरा सैल आहे, हे माझ्या घरचे आणि पोलीस ठाण्यातले, दोघेही सांगतील.

अभिप्राय मी सविस्तर लिहिला. माझं म्हणणं सरळ होतं. जमिनीच्या भांडणात पलटणारा फिर्यादी पैसे घेऊन पलटत असेल, पण घरातल्या मारहाणीची फिर्याद देणारी बाई पलटते ती तिला पलटवलेलं असतं म्हणून. तिला परत त्याच घरात स्वयंपाक करायचा असतो. या कलमाने पलटवणारे मोकळे राहतील आणि पलटलेली बाई तुरुंगात जाईल. लिहून झाल्यावर मला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी खरं लिहिलं असं वाटलं.

यवतमाळहून वरिष्ठांचा फोन आला. माणूस सज्जन, निवृत्तीला टेकलेला. म्हणाले, "तुमचं वाचलं. चांगलं आहे. पण हे धोरणात मोडतं. अंमलबजावणीतली अडचण तेवढी ठेवतो." जिल्ह्याचा एकत्रित अभिप्राय गेला त्यात माझ्या दोन पानांचं एक वाक्य उरलं होतं : सदर कलमामुळे कौटुंबिक प्रकरणांत काही अडचणी उद्भवण्याची शक्यता नाकारता येत नाही. मी ते वाचलं, कागद कपाटात टाकला आणि त्या दिवशी शिपायावर उगाच डाफरले.

इकडे मसुदा माझ्या आधी गावोगाव पोचला होता. वर्तमानपत्रात बातमी आली होती की अशा अशा कायद्याचा मसुदा सरकारने जाहीर केला असून नागरिकांनी अमुक तारखेपर्यंत हरकती पाठवाव्यात. मोबाइलवरून फिरता फिरता त्यातल्या हरकती गळून गेल्या आणि तारीख तेवढी उरली. त्या तारखेपासून कायदा लागला, जो पलटेल तो आत, असं सगळीकडे झालं. पोलीस ठाण्याकडून कोर्टाचं काम पाहणारा आमचा पैरवी हवालदार खूश होता. "मॅडम, लोकं घाबरून राह्यले," तो म्हणाला. "राहू द्या ना तसंच. आपलं काय जाते?" मी त्याला सांगितलं की हा मसुदा आहे, कायदा नाही, आणि यापुढे मला याबद्दल विचारायचं नाही. त्याने ते दोन्ही कानांनी ऐकलं आणि सोडून दिलं.

त्याच सुमारास ती बाई आली. आर्णी रस्त्याच्या आतल्या अंगाला असलेल्या एका तांड्यावरची. नवऱ्याने कुऱ्हाडीच्या दांड्याने तिचा डावा हात मोडला होता. फिर्याद तिचीच, ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र होतं, शेजाऱ्यांचे जबाब होते. केस कागदावर चांगली होती. अशा कागदावर चांगल्या केसेस मी पुष्कळ पुरल्या आहेत. पुढच्या तारखेला तिची साक्ष होती, म्हणून तिचा जबाब तिला वाचून दाखवायला मी तिला बोलावलं होतं. हात सरळ झाला होता, पण मनगट वळत नव्हतं. खुर्चीवर बसताना तिने तो मांडीवर उचलून ठेवला.

मी जबाब वाचला. तिने ऐकला. मग मी नेहमीचा प्रश्न विचारला, कोर्टात हेच सांगणार ना?

ती म्हणाली, "मॅडम, नसाब बसलता."

नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. नायक, कारभारी आणि जाणती माणसं बसतात, दोन्ही बाजूंचं ऐकतात आणि निवाडा देतात. कोर्टापेक्षा लवकर देतात, आणि तो लोक पाळतातही, हे मला कबूल करायलाच हवं. या प्रकरणात असं ठरलं होतं की नवऱ्याने सासऱ्याच्या पाया पडून माफी मागायची, बाईने नांदायला जायचं आणि कोर्टात काही झालं नाही म्हणून सांगायचं. तिच्या बापाने सगळ्यांसमोर तसा शब्द दिला होता. ती नांदायला गेली होती. नवऱ्याने पुन्हा हात उचलला होता. आता ती माहेरी होती, पण बापाचा शब्द जागच्या जागी होता. तो मोडला तर बापाला पुन्हा नसाबात कोणी बसवणार नाही, त्याचं म्हणणं कोणी ऐकणार नाही. कोर्टात ती खोटं बोलली तर परत त्याच घरी. खरं बोलली तर बाप गेला.

"मंग एक विचारू का?" ती म्हणाली. "मी पलटली तं मले जेलात टाकतीन, असं म्हनते सारे. खरं हाय का?"

मला वाटलं, घ्या, माझ्याच अभिप्रायातली बाई समोर येऊन बसली. जी भीती मी कागदावर मांडली होती ती हिच्या तोंडावर दिसत असणार, असं समजून मी तिला धीर द्यायला गेले. ती माझी साक्षीदार. तिला धमकीखाली साक्षीला उभं करणं मला जमणारं नव्हतं. मी म्हटलं, "नाही. तो नुसता मसुदा आहे. सरकारने लोकांना विचारलंय, असा कायदा करू का म्हणून. होईल की नाही, माहीत नाही. आज तसा कायदा नाही. तू कोर्टात खरं सांगावंस असं मला वाटतं, पण या कायद्याच्या भीतीने नको."

तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काही दिसेल अशी माझी अपेक्षा होती. तसं काही दिसलं नाही. उलट तिचा चेहरा उतरला.

"नाही हाय?" तिने पुन्हा विचारलं.

"नाही."

तिने मनगट दुसऱ्या हाताने धरलं. मग खुर्ची पुढे ओढून, दाराकडे एकदा पाहून म्हणाली, "मॅडम, हे त्यायले नका सांगजा."

"कोणाला?"

"नायकाले. माह्या बापाले. त्यायले वाट्टे, कायदा लागला. बाप म्हने, आता सरकारचंच असं असन तं आपला काय इलाज? पोरगी खरं बोलली तं तिचा दोष नाही, माहाबी नाही. असं झालं तं बापाचा शब्दबी राह्यते आन् मले बोलताबी येते. तुम्ही सांगतलं, नाही हाय, तं मंग पुन्हा साऱ्यायचं सुरू."

माझ्या दोन पानांत हे कुठेच नव्हतं. मी लिहिलं होतं की हे कलम बाईच्या गळ्याला फास आहे, आणि ही बाई म्हणत होती की तो फास तिचा नाही, तिच्या बापाची सुटका आहे. मला थोडा रागही आला, तिचा नाही, माझा स्वतःचा. बायकांबद्दल एवढ्या ठामपणे लिहिताना मी एकीलाही विचारलं नव्हतं, आणि विचारायची सोयही नव्हती, कारण खाजगी व्यक्तीपाशी बोलायचं नाही असा नियम होता. तिच्या प्रश्नाला उत्तर देताना मी तो एव्हाना मोडलेलाच होता.

"मी खोटं सांगणार नाही," मी म्हटलं. "कोणी विचारलं तर कायदा लागला असं मी म्हणणार नाही."

"खोटं नका सांगजा," ती म्हणाली. "काहीच नका सांगजा."

नायक दुसऱ्याच आठवड्यात आला, सोबत कारभारी. म्हातारा पांढऱ्या धोतरातला, स्वच्छ, बोलायला मृदू. मला हे लोक आवडतात, त्यांच्या निवाड्यांवर माझा कितीही राग असला तरी. त्याने आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली, मग तुरीची, मग न्यायाधीश साहेबांच्या बदलीची. मग मुद्द्यावर आला.

"मॅडमबाई, थो नवा कायदा. पलटनाऱ्याचा. लागला का थो?"

मी म्हटलं, "नायक, मला त्याबद्दल बोलायची परवानगी नाही. तसं परिपत्रक आहे."

"तुमालेच नाही?" तो चकित झाला. "सरकारच्या वकिलाले सरकारच्या कायद्यावर बोलता येत नाही?"

"नाही."

"काहून?"

"नियम आहे."

तो कारभाऱ्याकडे बघून हसला. मग गंभीर झाला. "म्हंजे लागला असंच समजू आमी?"

"मी काहीच म्हटलेलं नाही. तुम्हाला जाणून घ्यायचं असेल तर दुसऱ्या कोणत्याही वकिलाला विचारा, तो सांगेल."

हे मी मुद्दाम म्हटलं. नियमाच्या आड मला बसायचं होतं, पण दार लावून घ्यायचं नव्हतं. मात्र नायकाने दुसऱ्या वकिलाला विचारलं नाही. सरकारी वकील गप्प बसते म्हणजे प्रकरण मोठं आहे, असा अर्थ त्याने काढला असावा. तो उठला, हात जोडले आणि जाता जाता कारभाऱ्याला म्हणाला, "जाऊ दे. पोरीले बोलू दे. आपन सरकारशी कायले भांडाचं?"

त्या ठळक अक्षरातल्या नियमाला मी महिनाभर नावं ठेवत होते. नायक गेल्यावर मी तो पुन्हा वाचला. माझ्या हातून तो एका ठिकाणी मोडला होता आणि दुसऱ्या ठिकाणी अगदी काटेकोरपणे पाळला गेला होता. कोणत्या ठिकाणी मी बरोबर होते, ते मला आजही नीटसं सांगता येत नाही. हवालदाराने विचारलं, "मॅडम, ते बाई पलटन का?" मी म्हटलं, वाटत नाही. एरवी मी असं कधी म्हणत नाही, म्हणून त्याला नवल वाटलं.

साक्षीच्या दिवशी तांड्यावरून गाडीभर माणसं आली. मागच्या बाकांवर नायक, कारभारी आणि तिचा बाप एका रांगेत बसले. बाप लहान चणीचा, सगळा वेळ जमिनीकडे बघणारा. नवरा आरोपीच्या जागी, इस्त्रीच्या शर्टात.

तिने शपथ घेतली आणि सगळं सांगितलं. कोणत्या वेळी मारलं, कशावरून मारलं, दांडा कुठून आणला, हात कसा लोंबत होता, दवाखान्यात कोणी नेलं. आवाज बारीक होता, न्यायाधीशांनी दोनदा मोठ्याने बोलायला सांगितलं, पण अडखळली नाही. मी प्रश्न संपवून खाली बसले तेव्हा मागच्या बाकांवर कोणी हललं नव्हतं. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. सरकारचा कायदा, बापाचा इलाज नाही.

मग आरोपीचे वकील उठले. हुशार माणूस. त्यांना अर्थातच माहीत होतं की असा कायदा झालेला नाही, आणि तांड्यावर काय समज आहे तेही माहीत होतं. त्यांनी इकडचे तिकडचे प्रश्न विचारले, आणि मग सावकाश म्हणाले, "बाई, सरकारने नवा कायदा केला, पलटलं की जेल होते, असं तुमच्या तांड्यावर सगळे म्हणतात ना?"

"म्हनते."

"तुमच्या आणि आरोपीच्या घरच्यांत आपसात मिटलं होतं ना?"

"मिटलतं."

"म्हणजे त्या कायद्याच्या भीतीने तुम्ही आज ही साक्ष देत आहात. बरोबर?"

मी हरकत घ्यायला अर्धी उठले आणि परत बसले. हरकत घेण्यासारखं काही नव्हतं. प्रश्न योग्य होता, मी त्यांच्या जागी असते तर मीही तोच विचारला असता. तिने हो म्हटलं असतं तर साक्ष भीतीची ठरून तिची किंमत संपली असती आणि नवरा सुटला असता, पण बापाचा शब्द शाबूत राहिला असता. नुसतं नाही म्हटलं असतं तरी बापाचा शब्द तिनेच मोडल्यासारखा झाला असता. मला वाटलं, ती माझ्याकडे बघेल. मी समोरच्या कागदावर नजर ठेवली, कारण माझ्या चेहऱ्यावरून तिला काही कळू नये एवढंच मला तेव्हा करता येण्यासारखं होतं.

तिने माझ्याकडे बघितलंच नाही. बापाकडे बघितलं.

"नाही," ती म्हणाली. "थो कायदा झालाच नाही अजून. मले माहीत हाय."

वकिलांना हे उत्तर अपेक्षित नव्हतं. ते खाली बसता बसता म्हणाले, "आणखी प्रश्न नाहीत."

न्यायाधीशांनी टंकलेखकाला सांगितलं : हे म्हणणे खरे नाही की, मी नवीन कायद्याच्या भीतीने साक्ष देत आहे. असा कायदा अद्याप झालेला नाही, हे मला माहीत आहे. मग चष्मा काढून ते तिच्याकडे वळले. साक्षीदाराला प्रश्न विचारायचा न्यायाधीशांना अधिकार असतो, पण आमचे साहेब तो क्वचितच वापरतात. "बाई, कायदा नाही हे ठाऊक होतं. आपसात मिटलंही होतं. मग आज हे सगळं का सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं म्हून."

"म्हणजे?"

"नसाबात माह्या बापाले विचारलं, त्याच्या बापाले विचारलं, नवऱ्याले विचारलं. बायका नसाबात बसत नाही साहेब. मले कोनंच नाही विचारलं, काय झालं म्हून. इथंच विचारलं."

साहेबांनी आधी चष्मा परत लावला. मग हे टंकलेखकाला सांगितलं, जसंच्या तसं, तिच्याच शब्दांत.

नायक उठला आणि बाहेर गेला. कारभारी त्याच्या मागे गेला, मग एकेक करून बाकीचे. ती पिंजऱ्यातून उतरली आणि कुठे जावं ते न कळून माझ्या टेबलापाशी उभी राहिली. पुढच्या खटल्याचा पुकारा झाला. मागच्या बाकावर तिचा बाप एकटाच बसला होता. त्याने मान वर करून तिला पाहिलं, आणि अख्खा बाक रिकामा असूनही तिला बसायला जागा व्हावी म्हणून तो थोडा सरकला.